बारा नावं आणि एक

सोमवार, ५ मे

रऊबेन झाला. एकदाचा! चाळीस शब्दांत बसवायचा होता, एकशेदहा झाले, मग दुपारभर कापत बसले. बायबलमधल्या नावांचा कोश करताहेत, त्या नामकोशवाल्यांचा नियमच तो — एका नावाला एक कार्ड. वर नाव, खाली कथेतला अर्थ, त्याखाली अभ्यासकांचं म्हणणं. पाच भाषांत एकदम काम चाललंय, त्यातली मराठी माझ्या गळ्यात. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली ती जरा पाठ टेकायला मिळावी म्हणून. आणि बसलेय काय करत, तर इब्री लोकांच्या बारा वंशांची बारशी!

रऊबेन म्हणजे ‘बघा, मुलगा!’ लेआनं ठेवलं. ती याकोबाची नावडती बायको. तिची धाकटी बहीण राहेल, ती आवडती. दोघी एकाच घरात. आता मुलगा झाला, आता तरी नवरा माझ्याकडे वळून बघेल, असं लेआच्या मनात. म्हणजे पोराला जेवायला हाक मारली तरी बाईचं दुखणं शेजाऱ्यांना ऐकू जाणार. अभ्यासक म्हणतात, हे अर्थ मागाहून जुळवलेले. वंश जुने, नावं जुनी, गोष्ट नंतरची. असेल बाबा. पण जुळवलं असेल ते कुणीतरी बाईनंच. पुरुषाला हे सुचायचं नाही.

नळाला आजही पाणी नाही. गुडघा ठणकतोय.

संकेतचा फोन आला. “ताई, तेहतिसावा आठवडा संपला. डॉक्टर म्हणाले, सगळं छान आहे.” म्हटलं, कीर्तनाला दे जरा. तर म्हणे झोपलीय. माझा फोन आला की माझी भावजय झोपलेलीच असते.

बुधवार, ७ मे

शिमोन — ‘ऐकलं’. मी नावडती आहे हे देवानं ऐकलं, म्हणून दुसरा मुलगा दिला. लेवी — ‘जोडला’. आता तीन मुलगे झाले, आता तरी नवरा मला जोडला जाईल. बाई गं! तिसऱ्या खेपेलाही तेच. थांब म्हणावंसं वाटतं.

शुक्रवार, ९ मे

संकेतच्या घरी, वेलचेरीला जाऊन आले. कोथिंबिरीच्या वड्या केल्या होत्या, कीर्तनाला फार आवडायच्या. गाडीत पंखा होता पण वारा नव्हता. स्टेशनवरून शेअर ऑटो, मग तिसरा मजला, लिफ्ट बंद. वर पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला आला.

दार सरोजाअम्मांनी उघडलं. कीर्तनाची आई, बाळंतपणासाठी कुंभकोणमहून येऊन राहिल्यात. “वांगो, वांगो,” या, या म्हणत त्यांनी डबा घेतला, ताक दिलं. कीर्तना आतल्या खोलीत पाय वर घेऊन बसली होती. “थँक्स, अक्का. तिथं ठेवा,” म्हणाली. बस. पुढं मोबाइलमध्ये बघायला लागली. मी पंधरा मिनिटं सरोजाअम्मांशी माझ्या मोडक्या तमिळमध्ये उन्हाबद्दल बोलले आणि निघाले.

चार वर्षं हे असंच चाललंय. ती कधी भांडत नाही, वाईट बोलत नाही. मला पाणी विचारते, दिवाळीला साडी देते. पण बोलत नाही! भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवार, ११ मे

लिहूनच टाकते. मनातल्या मनात घोळवून तरी काय होतंय?

आई गेली तेव्हा संकेत अकरा वर्षांचा होता, मी चोवीस. वर्षभरात माझी बदली चेन्नईला झाली, त्यालाही इथंच घेऊन आले. बाबा साताऱ्यात राहिले आणि चार वर्षांत तेही गेले. त्याच्या शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून माझी सही. लग्नबिग्न माझं राहून गेलं ते गेलं, त्याचं रडगाणं नको. पण एक मात्र मनात धरून होते. याला मूल झालं की मी आत्या. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, कानात आत्यानं सांगायचं. आपल्याकडे हा हक्क आत्याचा आहे, तो कुणी काढून घेऊ शकत नाही.

चार वर्षांपूर्वी कीर्तनाला दिवस गेले तेव्हा मी सहाव्या महिन्यातच नाव ठरवलं. मुलगा झाला तर क्षितिज. ठरवलं तर ठरवलं, गप्प बसावं की नाही? आईच्या मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटं शिवलं आणि त्यावर निळ्या दोऱ्यानं नाव काढलं. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, “अगं, बाळ हातात येऊ दे, मग काय ते कर.” मी हसण्यावारी नेलं.

आठव्या महिन्यात एका सकाळी संकेतचा फोन — “ताई, हॉस्पिटलमध्ये ये.” एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, लवकर कळा सुरू झाल्या. पिशवी घेऊन धावले. खोलीत शिरले तेव्हा दुपटं पिशवीत सगळ्यात वर, नाव दिसेलसं. बाळ गेलेलंच जन्माला आलं होतं. मुलगा होता. कीर्तनानं पिशवीकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी किती वेळा माफी मागितली त्या दुपट्याबद्दल! दर वेळी ती म्हणते, “परवायिल्लै, अक्का.” असू दे, म्हणते. आणि दार लोटून घेते.

मंगळवार, १३ मे

यहूदा. लेआचा चौथा.

अर्थ — ‘स्तुती’. आता मी देवाची स्तुती करीन, म्हणाली. या खेपेला नवऱ्याचं नावच काढलं नाही! तीन मुलांच्या नावात तो होता, चौथ्याच्या नावात नाही. दमली बिचारी मागून मागून. मीही दमलेय, म्हणून कळलं असेल. कार्ड एका झटक्यात झालं, अडतीस शब्दांत.

शुक्रवार, १६ मे

अड्यारला, नामकोशाच्या ऑफिसात. विमला मॅडमनी माझी कार्डं लाल पेनानं रंगवून ठेवली होती. त्या संपादक. इब्री उत्तम येतं, मराठी अक्षर येत नाही, तरी माझ्या मराठीत चुका काढतात! मी इंग्रजीत सांगते, त्या तमिळमध्ये हुं हुं करतात, असं आमचं चालतं.

आज दान, नफताली, गाद, आशेर. ‘न्याय’, ‘झुंज’, ‘नशीब’, ‘सुख’. हे चौघे याकोबाचेच, लेआ-राहेलच्या दासींच्या पोटचे, पण नावं ठेवली मालकिणींनी. नफताली तर सरळ बहिणीशी लावलेली झुंजच. बाळंतपण सोसलं बिल्हा दासीनं आणि नावात भांडण राहेलचं! मी म्हटलं, “मॅडम, जिनं जन्म दिला तिला कुणी विचारलंच नाही?” मॅडम म्हणाल्या, “नाही. जिचा हक्क तिनं ठेवलं.” चष्मा पुसत अगदी सहज म्हणाल्या.

हक्क. हा शब्द मी परवा इथंच लिहिलाय. येताना बसमध्ये सारखा तोच डोक्यात.

मंगळवार, २० मे

अग्निनक्षत्र, इथले सगळ्यात कडक उन्हाचे दिवस. भिंतीला हात लावला तर चटका बसतो. काही लिहिलं नाही.

गुरुवार, २२ मे

इस्साखार आणि जबुलून. पुन्हा लेआचे. जबुलूनच्या वेळी म्हणते काय, की आता सहा मुलगे दिले, आता तरी नवरा मला मान देईल. अगं बाई! यहूदाच्या वेळी सोडलं होतंस ना हे सगळं? चौथ्याला सुटली आणि सहाव्याला परत अडकली. हात टेकले मी.

हसले. आणि मग वड्यांचं पीठ भिजवायला घेतलं, उद्या वेलचेरीला न्यायला. म्हणजे मीही तीच.

शनिवार, २४ मे

काल काही वेलचेरीला गेले नाही. पाय उचलेना. आज संकेतच आला, एकटा. वड्या तोच खाऊन गेला.

त्याला काहीतरी बोलायचं होतं. लहानपणी मार्कं कमी पडली की असाच टेबलाचा कोपरा नखानं खरवडायचा. शेवटी मीच विचारलं, “बारशाचं आहे का?” मान हलवली. “ताई, कीर्तना म्हणतेय, यावेळी तू नको.” मग घाईघाईनं — “म्हणजे ये तू. पण नाव...”

माझा तोल गेला. म्हटलं, “अरे, एका दुपट्यासाठी किती वर्षं? मी काय मुद्दाम आणलं होतं? मला काय माहीत होतं?”

तो म्हणाला, “ताई, दुपट्याचं नाहीच आहे ते. ती कधी दुपट्याबद्दल बोललीच नाही. तू नंतर घरी आलीस, तेव्हा अम्मांना स्वयंपाकघरात काय म्हणालीस आठवतं? ते तिनं आतून ऐकलं.”

मला आठवेना. खरंच आठवेना! त्यानं सांगितलं, तेव्हा आठवलं.

रविवार, २५ मे

काल पुढचं लिहिता आलं नाही. आज लिहिते.

बाराव्या दिवशीची गोष्ट. सरोजाअम्मा चुलीपाशी उभ्या राहून रडत होत्या. त्यांना धीर द्यायला मी म्हटलं — मोडक्या तमिळमध्ये, आणि परकी भाषा बोलताना मी नेहमी मोठ्यानं बोलते — “रडू नका. पुन्हा होईल. क्षितिज हे नाव काही वापरलं गेलं नाही, ते पुढच्याला ठेवू.”

वापरलं गेलं नाही! जशी काही घडी न मोडलेली साडी, ट्रंकेत ठेवून दिली, पुढच्या लग्नाला निघेल.

आणि चार वर्षं मी दुपट्याची माफी मागतेय. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. कीर्तना तरी काय सांगणार मला? मी नऊ महिने पोटात वाढवलेलं मूल तुम्ही मोजलंच नाही, असं कोण कुणाला तोंडावर सांगतं? आठ महिने. आठ लिहायला हवं.

लाज वाटतेय. दुसरा शब्द नाही.

बुधवार, २८ मे

योसेफ. राहेलला किती वर्षांनी झालेला पहिला मुलगा. नाव काय ठेवलं? ‘आणखी दे’. देवानं मला आणखी एक मुलगा द्यावा, म्हणून योसेफ. मी तणतणत उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. अगं, हे पोर मांडीवर आहे की! याच्याकडे बघ ना! याला आयुष्यभर हाक मारणार ती दुसऱ्याला बोलावल्यासारखी?

मग वाटलं, कौमुदीबाई, तुम्ही कुणावर तणतणताय? राहेलच्या मांडीवर निदान मूल होतं. मी तर कीर्तनाची मांडी रिकामी असताना पुढच्याचं बोलले.

कार्ड केलं. एकोणचाळीस शब्द.

सोमवार, २ जून

बन्यामीन. शेवटचा. ‘उजव्या हाताचा पुत्र’, किंवा ‘दक्षिणेचा पुत्र’. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण, म्हणून दोन्हीला एकच शब्द. आपल्याकडेही तसंच, दक्षिण म्हणजे उजवं. हे वाचून उगाच बरं वाटलं. इतक्या लांबची माणसं, पण उभी राहिली आपल्यासारखीच.

पण हे नाव त्याचं पहिलं नाही. राहेल बाळंतपणात वाटेवरच गेली. जाता जाता तिनं नाव ठेवलं — बेनओनी, ‘माझ्या दुःखाचा पुत्र’. बापानं ते बदललं. अकरा मुलांच्या वेळी हा बाबा नावाच्या भानगडीत पडला नाही, बायका काय ठेवतील ते ठेवोत. बाराव्याच्या वेळी मात्र बदललं. त्याचंही बरोबर असेल. कुठलं पोर असलं नाव घेऊन जगेल? तरी ज्यानं गोष्ट लिहिली त्यानं तिचं नाव गाळलं नाही. एका ओळीत का होईना, ठेवलं.

विमला मॅडमना फोन केला. म्हटलं, बेनओनीचं वेगळं कार्ड करते. “कशाला? त्या नावाचा वंश नाही. बन्यामीनमध्येच कंसात टाका.” मी म्हटलं, “वंश नसला तरी नाव आहे ना, मॅडम? आईनं ठेवलेलं.” फोनवर आवाज चढला माझा. मॅडम म्हणाल्या, “बरं नाही का तुम्हाला?” मग म्हणाल्या, “करा. वीस शब्दांत करा.”

बुधवार, ४ जून

गेले वेलचेरीला. डबाबिबा काही नेला नाही. रिकाम्या हातानं गेले.

सरोजाअम्मा देवळात गेल्या होत्या. कीर्तनानंच दार उघडलं, भिंतीला धरून. पाय सुजलेत. तिला बसवलं, मी समोर बसले. सगळी वाक्यं तमिळमध्ये पाठ करून गेले होते, ती सगळी विसरले. इंग्रजी, मराठी, जे येईल ते बोलले. म्हटलं, “मी त्या दिवशी स्वयंपाकघरात बोलले ते तू ऐकलंस. मला परवापर्यंत आठवतही नव्हतं, हे त्याहून वाईट. तो होता. मी तो नव्हताच असं बोलले. चुकले मी. दुपट्याचं नाही म्हणत, हे म्हणतेय.”

ती यावेळी ‘परवायिल्लै’ही म्हणाली नाही.

मग म्हटलं, “बाळाचं नाव तू ठेव. तूच. मला आत्याचा हक्कबिक्क काही नको.”

ती उठली. उठताना त्रास होत होता, मी हात पुढं केला, तिनं सोफ्याचा हात धरला. आत गेली. दार लोटलं. मी पंधरावीस मिनिटं बसून राहिले, मग बाहेरचं दार ओढून घेऊन आले.

संपलं. निदान खरं ते बोलले. डोकं ठणकतंय, पण गुडघ्यापेक्षा कमी.

मंगळवार, १० जून

मुलगी!! सकाळी सहा चाळीसला. रडली म्हणे, मोठ्यानं रडली. संकेत फोनवर ‘ताई, ताई’ एवढंच म्हणत होता, मी खाली जमिनीवर बसले. दोघी सुखरूप.

दुपारी काचेतून बघितली. एवढीशी. पायाला पट्टी, त्यावर ‘बेबी ऑफ कीर्तना’. मला ते बरं वाटलं. आत गेले नाही. बोलावलं नव्हतं.

बुधवार, ११ जून

लेआलाही सहा मुलग्यांनंतर मुलगी झाली होती. दीना. तिचं नाव का ठेवलं ते गोष्टीत सांगितलेलंच नाही! सगळ्या पोरांच्या नावात आईची गाऱ्हाणी, मुलगी तेवढी सुटली. तिच्याकडून कुणी काही मागितलं नाही. वंशात नाही म्हणून कार्डही नाही. आज तिचा हेवा वाटला.

शनिवार, १४ जून

सरोजाअम्मांचा फोन. शुक्रवारी, अकराव्या दिवशी नाव ठेवायचं. आपल्याकडे बारावा, पण गप्प बसले. शिकले एवढं! “आमच्याकडे अप्पा, बाळाचे वडील, कानात सांगतात,” म्हणाल्या, जरा अवघडून. मी म्हटलं, “छानच की.” नाव काय, विचारलं नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. कीर्तना कुणालाच सांगत नाहीये.

मंगळवार, १७ जून

कार्डं देऊन आले. बारा, आणि एक वरचं. मॅडमनी बेनओनीचं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. लाल पेन उचललं नाही. “शब्द एकवीस झालेत,” म्हणाल्या, आणि चहा मागवला.

आता महिनाभर नुसतं पडून राहायचं. पुढचं काम आलं तरी नाही म्हणायचं.

गुरुवार, १९ जून

उद्या कुठली साडी नेसावी कळेना. मग वाटलं, मला कोण बघतंय! मोरपंखी काढून ठेवली. जायचं, मागे उभं राहायचं, पायसम खायचं, यायचं.

शुक्रवार, २० जून

सहाना. कीर्तनानं ठेवलं. संकेतनं कानात सांगितलं. मी दारापाशी उभी होते.

सगळे जेवायला वळले, तेव्हा कीर्तनानं मला जवळ बोलावलं. वाटलं, बाळ धरायला. वाकले, तर तिनं माझी मान धरून कान ओढून घेतला आणि एक नाव सांगितलं. मुलाचं. क्षितिज नव्हे.

“त्याचं,” म्हणाली. “हॉस्पिटलमध्येच ठेवलं होतं, अक्का. तुम्ही यायच्या आधी. संकेतला सुद्धा सांगितलं नाही.”

इथंही लिहीत नाही.